पवळीची मान

मुंबई, ता. ४ डिसेंबर १९५८

तीर्थरूप आईस, दयारामाचे दुरूनच पायांवर डोके.

मी खुशाल आहे, पोटभर जेवतो. बाबांचा खोकला थांबला का? धाकटी नलू पत्र वाचून दाखवतेय ना? तिला सांग, पुढचं वाचताना रडू नकोस. मी नोकरी सोडायला निघालो होतो.

गुरांच्या कॉलेजातल्या आमच्या जीवरसायन विभागात पोरं रक्त तपासायला शिकतात. पवळी गाईच्या मानेतून रक्त काढतात आणि मी तिला धरतो. बाटलीत औषधाची पूड असते. रक्त पडलं की लगेच हलवायचं, नाहीतर गोठतं. काल ही लाटसाहेब पोरं क्रिकेटच्या गप्पांत! सगळं रक्त गोठलं. वर मला म्हणतात, "दयाराम, गाय परत आण."

माझं डोकंच फिरलं. "गाय हाय का नळ? आता तुमच्या दंडातून काढा!"

होडीवर कुणी आळसानं मासळी नासवली तर बाबा त्याला सोडतील का? मासळीवरून आठवलं, दिघीच्या लाँचनं कुणी येणार असेल तर सुके बोंबील धाड.

पोरांना शिकवणारे सर मला म्हणाले, "पोरांची माफी माग, नाहीतर चालता हो."

मी वळकटी बांधली. निघताना गोठ्यात डोकावलो, तर नवा गडी पवळीला उठवायला तिचं शेपूट पिरगाळत होता.

मग काय करणार? त्या पोरांची माफी मागितली, आई! अजून अंगाची आग होतेय. एरवी रागावलो की मी निघून जातो. या खेपेला रागावूनच राहिलोय.

तुझा तापट लेक,
दयाराम