राखलेला गोऱ्हा

बाबा, गावात मी तुमच्या नावावर एक वाक्य खपवलं आहे. तुम्ही ते कधी बोलला नव्हता. खरं तर अगदी उलट बोलला होता. आता ते वाक्य पलीकडच्या गावापर्यंत पोचलं आहे, तेव्हा दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसले.

मला तुमची ती गोऱ्हे पारखायची सकाळ आठवते. धान कापून झालंय, बांधीत अजून ओल आहे, आणि तुम्ही शेताच्या धुऱ्यावर उभे आहात. लोक आपापले गोऱ्हे घेऊन आलेत. तुम्ही एकेकाला चिखलातून चालायला लावता आणि फक्त पायांकडे आणि मानेकडे बघता. पाय उपसताना जो मान खाली घालत नाही, तो तुमचा. मग तुम्ही नुसतं बोट दाखवता आणि त्या गोऱ्ह्याचं नशीब ठरतं: त्याला खच्ची करून बैल करायचं. शंकरपटाच्या शर्यतीत पळणाऱ्या कितीतरी जोड्या तुमच्या त्या बोटावर निघाल्या, आणि तुमची पोर म्हणून मीही गावात जरा ताठ चालायची. त्या सकाळी मात्र मी मधेच विचारलं की सगळे चांगले गोऱ्हे बैल झाले, तर गाईंसाठी वळू कोणता राहणार? लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. "उरंल तो राहीन," तुम्ही म्हणालात. "सांडाले का काम असते, नुसतं फिरनं. अन् पोरीच्या जातीनं असे सवाल नाई विचारू."

मी गप्प बसले, पण प्रश्न काही गप्प बसला नाही. आपल्या गावचा तो उरलेला वळू तुम्हाला आठवत असेलच. पोट सुटलेला, खूर फाटलेले, दिवसभर किराणा दुकानापुढं उभा राहून केळीची सालं खाणारा. पोरं त्याला सरपंच म्हणायची. गावातली प्रत्येक कालवड आणि प्रत्येक गोऱ्हा त्याचाच होता. तुम्ही सगळ्यात चांगलं ते नांगराला लावलंत आणि जातीच्या वाट्याला सरपंच ठेवलात. सगळ्या झाडीपट्टीत हेच चालायचं, त्यामुळं एकट्या तुम्हाला दोष देत नाही. पण जनावरं वर्षागणिक खुजी होत गेली. मग लोकांनी संकरित गाई आणल्या, त्या उन्हाळ्यात धापा टाकायच्या आणि त्यांचे गोऱ्हे धानाच्या रोवणीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतायचे. ट्रॅक्टर तर आपल्या एवढ्याशा बांधीत धड वळतही नाही.

तुम्ही गेल्यानंतर मी पशुसखी झाले. घरोघरी फिरून जनावरांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं. ज्या गाईला आपण जन्मभर नुसती गावरान म्हणत आलो, तिला आता सरकारदरबारी स्वतःचं नाव आहे, कठाणी. तिच्यासाठी आजूबाजूच्या गावांनी मिळून गोपालक संघ काढला आणि सचिव मला केलं. पहिल्या बैठकीत मी वळूविषयी बोलायला लागले तर अर्धे पुरुष छताकडे बघत होते. तुम्ही असता तर बहुधा बाहेरच जाऊन बसला असता.

संघाचं पहिलं काम सोपं होतं. गावातला सगळ्यात चांगला गोऱ्हा खच्ची करायचा नाही, गावासाठी वळू म्हणून राखायचा. अडचण एवढीच की तो गोऱ्हा काकांचा होता. काका म्हणजे तुमचे तेच दोस्त, ज्यांची गाय वाघानं नेली तेव्हा तुम्ही आपल्या गोठ्यातली कालवड सोडून त्यांच्या दारात बांधून आला होता. हा गोऱ्हा तिच्याच वंशातला, पांढरा, कानाची टोकं काळी. मी त्याला बांधीतून चालवून बघितला. तुमच्याच जागी उभी राहून बघितला. मान तसूभर खाली गेली नाही.

पण काकांकडे त्याच्याच उंचीचा, तशाच शिंगांचा दुसरा गोऱ्हा होता. अशी जोडी जमणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. त्यांचं वय झालेलं, गुडघे धरलेले, आणि ही आपली शेवटची जोडी असं ते सगळ्यांना सांगत फिरायचे. दोन्ही गोऱ्हे दुसऱ्या दिवशी खच्ची व्हायचे होते. संध्याकाळी आम्ही संघाची माणसं त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. रोवणीला आमचे बैल पाळीनं देऊ म्हणालो, बदल्यात तयार बैल देऊ म्हणालो. काका तंबाखूचा खर्रा घोटत राहिले. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, तुहा बाप गावातला चांगला गोऱ्हा बैलच करे. तो का येडा होता? अन् आता तू मले सांगून राह्यली."

बाबा, माझ्याकडे उत्तर होतं. जातीचं, वंशाचं, सगळं प्रशिक्षणात शिकवलेलं. पण तुमच्या शब्दापुढं ते उत्तर कोणी ऐकलं नसतं. गोऱ्हा हातचा जात होता, आणि तो गेला असता तर पुन्हा कोणाला तरी सरपंच करावं लागलं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, बाबा आजारी पडायच्या आदी मले बोलले होते. म्हने, आपलं चुकलं. एक चांगला गोऱ्हा राखाले पायजे होता."

काकांनी खर्रा घोटायचा थांबवला. मग म्हणाले, "मले नाई बोलला कदी." आणि उठून आत गेले. मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी जनावरांच्या दवाखान्यातून माणूस खच्ची करायचा चिमटा घेऊन आला, तेव्हा काकांनी त्याला आधी चहा पाजला आणि मग एकाच गोऱ्ह्याकडे बोट दाखवलं. काळ्या कानांच्या पांढऱ्याला त्यांनी स्वतःच्या हातानं सोडून मागच्या गोठ्यात नेलं.

त्याची वासरं बघायला तुम्ही हवे होता. पावसाळी चिखलात अशी चालतात, जणू सडकेवर आहेत. काकांची त्यानंतरची पहिली रोवणी संघाच्या बैलांनी झाली, आणि आता त्याच वळूच्या पोरांची जोडी त्यांच्या दारात आहे. शेवटची जोडी म्हणणं त्यांनी सोडून दिलंय. यंदा कालवडी वयात आल्या. वळू आपल्याच लेकींवर जाऊ नये म्हणून त्याला दुसऱ्या गावाला द्यायचा आणि तिथला आपण आणायचा, हा संघाचा नियम. काका रात्रभर गोठ्यात बसून होते म्हणे. सकाळी मात्र दोर स्वतःच धरला आणि पलीकडच्या गावापर्यंत चालत आले.

तिथंही तीच कुरकुर होती. चांगला गोऱ्हा आम्ही वळू म्हनून काऊन सोडायचा, बाई, तुमचं काय जाते? मी बोलणार तेवढ्यात काकांनी मला हातानं थांबवलं. म्हणाले, "हिचा बाप माहा दोस्त होता. खाटेवर पडल्या पडल्या त्यानं माहा हात धरून सांगतलं, आपलं चुकलं, एक चांगला गोऱ्हा राख. मी सोता आयकलं." कुरकुर करणाऱ्यांनी वळूला वाट करून दिली. वळूच्या पाठीवरून हात फिरवत काका माझ्याकडे न बघता उभे राहिले.

त्या खाटेवर तुमची वाचा गेली होती, बाबा. काका रोज येऊन तुमच्या पायथ्याशी बसायचे, त्यांना हे माझ्याइतकंच माहीत आहे. तुम्ही जाताना कोणालाच काही सांगून गेला नाहीत. मलाही नाही, आणि त्याचा मला फार राग होता.

काकांना मी खोटं पाडलं नाही. घरी येताना वाटेत मी त्यांना एवढंच विचारलं, आणखी काय म्हणाले होते बाबा?