आईचं पिक्चरमधलं वाक्य

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पिक्चर बघून आलो. भंगार! तीन पोरी शहरात येतात, खोली घेतात, भात करपवतात, फरशीवर घसरून पडतात. दर दहा मिनिटांनी कोणीतरी पडतंच. सव्वादोन तास हेच.

तरी अख्खी आळी राजेशदादाच्या टेंपोतून पोशीरहून कर्जतला गेली होती. कारण हिरॉइनचं गावचं घर म्हणजे आमचं घर. फेब्रुवारीत दोन दिवस शूटिंग झालं तेव्हा मी परीक्षेसाठी पनवेलला होते. त्यांनी आमची भिंत निळी केली, ती अजून निळीच आहे. पडद्यावर अंगण जेमतेम दोन मिनिटं. हिरॉइन बॅग घेऊन निघते, शूटिंगला उभ्या केलेल्या आमच्याच आळीतल्या बायका रडतात — सोनुबाई तर हुंदके देऊन. आणि एकदम माझी आई!

"रडताय कशाला गं? पोर नोकरीला चाललीय, मसणात नाय."

थिएटरात हशा पिकला. सबंध पिक्चरमध्ये लोक हसले ते तेवढ्याच जागी. मी नाही हसले. ठाण्याच्या हॉस्पिटलातून लॅबच्या नोकरीचं पत्र येऊन आठ दिवस झाले. आई त्यावर हूं नाही की चूं नाही. सोमवारी, चोवीसला हजर व्हायचंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईचं नाव आता 'हिरॉइन'. नळावर, दुकानात, सगळीकडे. ती खाली मान घालून परत येते.

मैत्रिणीचा, पौर्णिमाचा फोन — तुझी आई कसली भारी गं अक्षदा, तुला काय टेन्शन! मी फोन लवकर ठेवला. परक्या पोरीसाठी तोंड उघडलं, माझ्यासाठी नाही. राग आलाय. लिहून ठेवते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पिक्चर का फसला ते भांडी घासताना कळलं. त्या तिघींपैकी एकीलाही कोणाला विचारावं लागत नाही. बॅग उचलली की शहर. मग हसायचं कशाला?

आमच्या घरी 'जा' असं कोणी म्हणत नाही. भाताचं पोतं गिरणीवर जातं. मोठा भाऊ पुण्याला लागला तेव्हा आईने घरचे तांदूळ भरडून आणले, निवडले, पिशवीत बांधले. तीच परवानगी. आपला तांदूळ तिथे शिजला म्हणजे माणूस जेवला, असं तिचं म्हणणं.

बाबांना विचारलं. "आईला विचार," म्हणाले.

पोतं ओटीवरच आहे. येता-जाता बघते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पोतं तिथेच. ठाण्याची जागृती विचारतेय, खोलीतली जागा तुझ्यासाठी ठेवू की नको. 'कळवते' लिहून पाठवलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शेवटी विचारलं. आई भाकरी थापत होती. म्हटलं, ते पिक्चरमधलं तुला कोणी शिकवलं?

"कोनी नाय. तुज्यासाठी जुळवून ठेवलं व्हतं. तू निघशील तवा बाया रडतील, तवा बोलीन म्हनलं. त्या पोरीच्या वेळंला तोंडातून निघून गेलं."

मग आता मला म्हण ना.

"आता कसं म्हनू? तवाच उष्टं झालं ते. आन आता तर लोकं हसतात त्याला."

आणि पोतं?

"पोतं गेलं म्हंजे तू गेलीस. तुला धाडताना बोलायला कायतरी हवं ना माज्याकडं."

भाकरी करपली. तिने ती स्वतःच्या ताटात घेतली. माझा राग कुठे गेला कळलं नाही, वाईट मात्र फार वाटलं. पंधरा दिवस ती दुसरं वाक्य शोधत होती आणि मी पोत्यावर नजर ठेवून होते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी उठले तर ओटीवर पोतं नाही. जागृतीला कळवलं.

२३ नोव्हेंबर, रविवार. ठाणे

फाट्यावर मिनीडोर रिक्षात तांदळाची पिशवी ठेवली आणि आईच रडायला लागली. मग मीच म्हणाले, "रडतेस कशाला गं? पोर नोकरीला चाललीय."

गाडीत कोणी हसलं नाही. आईने पदराने डोळे पुसले आणि उरलेलं म्हणाली — "मसणात नाय."