शत्रूच्या जागी अक्का

१९ ऑगस्ट, पोया (पौर्णिमा)
दिवसभर विहारात अष्टशील पाळलं. दुपारनंतर पोटात फक्त कोरा चहा. भन्तेंनी मैत्री भावना शिकवली – रोज सकाळी डोळे मिटून आधी स्वतःला 'सुखी होवो' म्हणायचं, मग प्रिय माणसाला, मग तटस्थ माणसाला, शेवटी शत्रूला. खर्च काही नाही! लगेच ठरवलं, करायचं.

शत्रू सोपा. सिरियावती अक्का – माझी थोरली जाऊ, कुंपणापलीकडची. सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात तिनं त्यांची नारळाची खवणी उचलून नेली. तेव्हापासून अबोला. आता एक सप्टेंबरला सासूबाईंना जाऊन वर्ष होतं, त्याचं दान – भन्तेंना घरी जेवण. हे म्हणाले, "अम्माच्या दोन्ही सुना एका चुलीपुढे दिसल्या तरच भन्तेंना बोलावतो. नाहीतर लोकांना हसायला कशाला बोलावू?"

२१ ऑगस्ट
तटस्थ माणूस सापडेना! या गावात माझं ज्याच्याबद्दल काहीच मत नाही, असा कोणी नाही. पोस्टमन? तो पत्रं चिखलात टाकतो. पाववाला? पाव लहान करत चाललाय. लेक इमाषा म्हणाली, "अम्मे, परगावचा बघ!" पोरीची जीभ! शेवटी रेडिओवर हवामान सांगणारी बाई धरली. तीही पाऊस चुकीचाच सांगते. पण चालवून घेतलं.

२२ ऑगस्ट
"अक्का सुखी होवो" म्हणताना दात आवळले जातात.

२५ ऑगस्ट
अक्का विहिरीवर हसली. मी मागे वळून पाहिलं – मागे कोणी नव्हतं!

२७ ऑगस्ट
कुंपणावरून फणसाची भाजी आली. मीठ जरा पुढे. पण आली! विहारात जाऊन सांगितलं, "भन्ते, माझ्या मैत्रीनं अक्का सुधारतेय." भन्तेंनी पंखा तोंडापुढे धरला. बराच वेळ खोकले. "चालू ठेवा, उपासिके."

३१ ऑगस्ट
दानाच्या स्वयंपाकाला अक्का खवणी घेऊनच आली! ती खवत होती, मी दूध पिळत होते. हे उगाचच दारातून डोकावून जात होते. राहवेना, विचारलंच – "का नेली होतीस गं?"

"अम्मांनी दिली. सहा महिने त्यांचं आजारपण मी काढलं. तू दारात उभी राहून पथ्य सांगायचीस."

मी पिळलेला चोथाच पुन्हा पिळत बसले.

१ सप्टेंबर
दान पार पडलं. भात पुरला, भाज्या पुरल्या. पाणी ओतून पुण्य सासूबाईंना अर्पण करताना यांची पकड सुटली. अक्कानं खालून भांडं सावरलं, वरून मी.

२ सप्टेंबर
भांडी घासताना अक्कानं मला धाकट्या बहिणीसारखं 'नंगी' म्हटलं. "एक सांगू? पोयेपासून रोज सकाळी तुझ्यासाठी मैत्री भावना करतेय. फार जड गेलीस बाई! पण गुण आला."

"कुठल्या जागी?"

"शत्रूच्या. अजून कुठल्या!"

म्हणजे भन्तेंनी तिलाही तेच शिकवलं होतं! आणि तो खोकला –!

"आणि आता?"

"आता तटस्थ. घाई करू नकोस."

३ सप्टेंबर
सकाळी बसले. प्रिय माणूस म्हणताच, न बोलावता अक्का पुढे आली. आणि मी तिची अजून हवामानवाली बाईच!