चिठ्ठ्यांची घागर

ती. रामप्रसाद मामांना, भाच्याचा खाली मान घालून नमस्कार.

हे पत्र धाडायची हिंमत न्हाई. तुम्ही गाव सोडून जालन्याला गेलात, तवापासून मनातच लिहून राह्यलो.

आपल्या ग्रामसभेत नुसती भांडणं व्हायची, रस्ता काही होत नव्हता. दादा सरपंच झाले अन् दिवाळीच्या आत रस्ता झाला. आम्ही खूष. मंग ते म्हणले, "घागरीत चिठ्ठ्या टाकून मत कशाला? आपल्याच माणसांत लपवायचं काय? हात वर करा."

तुम्ही एकटेच उठलात. म्हणलात, "समद्यांसमोर गरीब माणूस दादांच्या विरोधात हात वर करील का?"

पुढच्याच सभेत तुमच्या घराचं पाणी तोडायचा ठराव आला. घागर असती तर मी तुमच्याच बाजूनं चिठ्ठी टाकली असती, मामा. पण समदे बघत होते. मी हात वर केला.

काल दादा म्हणले, "आता हातबी नका वर करू. तुमच्या मनातलं मला बराबर कळतं." समद्यांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या, अन् वाजवता वाजवता कोण वाजवत न्हाई, ते बघून राह्यलो होतो.

तुमच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेला,
पप्पू