शेवटचा फर्मा

२ फेब्रुवारी

चि. ठकीस, अ. उ. आ.

माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढलो आणि बॅगेआधी मीच खाली आलो. उजवा पाय दोन महिने प्लॅस्टरमध्ये. तुझी वहिनी म्हणते, साठी उलटली तरी माकडउड्या सुटत नाहीत. खिडकीतून समोरचा जिना दिसतो. कोण किती वाजता चढतं-उतरतं ते आता पाठ झालंय. टीव्हीचा वीट आला.

तू दिवसभर पुस्तकं शिवतेस आणि उरलेल्या वेळात तीच वाचतेस. भावाला दोन-तीन चांगली पुस्तकं सुचव. सुचव कसली, पाठवूनच दे. मधेच खाली ठेवता येणार नाहीत अशी हवीत. लेकीनं दोन पाठवली होती, पण ती पडली प्राध्यापक. तिच्या पुस्तकांत गोष्टीपेक्षा तळटिपा जास्त. वहिनीनं तुझ्याकडे बांधायला दिलेला माझा जुना शब्दकोश झाला का?

लोभ आहेच तुझा, तो या वेळी पार्सलातून दिसू दे.

तुझा दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

पाय जपावा. तीन पुस्तकं पाठवते आहे.

पहिली कादंबरी दीपगृहाच्या राखणदाराची. माझी सगळ्यात लाडकी, सात वेळा वाचून झाली. त्याला दोन मुली, वादळ आलेलं आणि होडीत जागा एकीलाच. पान उलटताना बोटं गार पडतात. दुसरी गेल्या वर्षीचीच, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईची रहस्यकथा. खून कोणी केला ते अगदी शेवटी कळतं आणि ज्याच्यावर संशय येतो तो तर नव्हेच. तिसरी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या दोघींची. वीस वर्षं एका ओट्यावर राबतात, पण एकमेकींशी चकार शब्द नाही. जे काही बोलायचं ते कढईशी. हसून पोट दुखेल, आणि मग हसल्याचं वाईट वाटेल.

तिन्हींना नवा पुठ्ठा घातलाय, म्हणजे पोटावर ठेवून वाचता येतील. शब्दकोशाला वेळ लागेल. जुन्या पुठ्ठ्याच्या आतून बरंच काही निघालं.

कळावे. वाचून झाल्यावर लोभ कितपत उरतो ते कळवावे.

ठकी

२६ फेब्रुवारी

चि. ठकीस, अ. उ. आ.

अगं, हे काय केलंस? राखणदार होडीत पाय ठेवतो, मुलीकडे वळून बघतो, आणि पुस्तक खलास! पुढे कोरं पान आणि पुठ्ठा. म्हटलं, चुकून झालं असेल. घड्याळवाली धरली. ती सगळ्यांना दुकानात बोलावते, बोट उचलते, आणि पुन्हा पुठ्ठा. स्वयंपाकिणींपैकी एक तोंड उघडते तिथेच तिसरंही संपलं. दातात काहीतरी अडकल्यासारखं झालंय मला. हाताशी बाइंडर बहीण असून ही तऱ्हा!

वहिनीला ग्रंथालयातून दुसऱ्या प्रती आण म्हटलं, तर म्हणे सवड नाही. एरवी तिथे दोन-दोन तास रमते.

उरलेली पानं ताबडतोब पाठव. आशीर्वाद तोवर अडवून ठेवतो.

दादा

३ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

चूक नाही. सोळा पानांचा एक गठ्ठा शिवतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. तिन्ही पुस्तकं माझ्या स्वतःच्या कपाटातली. शिवण उसवून शेवटचा फर्मा मीच काढला आणि पुन्हा बांधलं. चाळीस वर्षं हेच काम करते आहे. सुईचं भोकसुद्धा दिसणार नाही.

तुझ्या शब्दकोशाच्या पुठ्ठ्याआड दोन कागद होते. एक परगावच्या कॉलेजचं पत्र, माझ्या नावाचं. जागा मिळाली आहे, वसतिगृहही मिळेल, पंधरा तारखेपर्यंत हजर व्हावे. दुसरा त्याच्या उत्तराचा कच्चा खर्डा. खाली सही माझ्या नावाची, अक्षर तुझं. घरच्या अडचणीमुळे नाइलाजाने जागा सोडत आहे, असं मी लिहिलंय म्हणे.

त्या वर्षी मी रोज पोस्टमनची वाट बघायचे. तू म्हणालास, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मला बाइंडिंगच्या कारखान्यात चिकटवलंस. आणि तेव्हापासून चार माणसं जमली की तुझं ठरलेलं वाक्य, आमच्या ठकीला शिकायची आवडच नव्हती. मी मान खाली घालून ऐकत आले. मला वाटायचं, मीच कमी पडले.

काय झालं ते लिही. खरं लिहिलंस तर शेवट मिळेल.

लोभाचं नंतर बघू.

ठकी

११ मार्च

चि. ठकीस, अ. उ. आ.

जुनी मढी कशाला उकरतेस? आई आजारी होती. तू गेली असतीस तर तिच्याकडे कोणी पाहिलं असतं? मी नोकरीत नवा. जे केलं ते घरासाठी आणि तुझ्या भल्यासाठी. आज तुझा स्वतःचा कारखाना आहे, हाताखाली सहा माणसं आहेत. कॉलेजात जाऊन याहून काय मोठं झालं असतं?

आता राग सोड आणि निदान त्या राखणदाराचं तरी पाठव. पाठच्या बहिणीनं एवढं मनात धरू नये.

दादा

१७ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

सोबत एक पान पाठवते आहे. दीपगृहाच्या शेवटच्या फर्म्यातलंच आहे, त्या प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात. तुझ्या पत्राला एवढंच शोभतं.

आई त्या वर्षी दोन जिने चढून गच्चीत कपडे वाळत घालायची. तिचं दुखणं तीन वर्षांनी सुरू झालं. दुखण्याच्या कागदांवर तारखा आहेत. ते सगळे माझ्याकडे आहेत, कारण तिचं सगळं मीच केलं.

अट आता वाढली. खरं लिही आणि पाकिटात घालण्याआधी लेकीला समोर बसवून वाचून दाखव. ते आवडीचं वाक्य तिनंही लहानपणापासून ऐकलंय. वहिनी साक्षीला राहील. तिला सवड का नव्हती ते आता तुझ्या ध्यानात आलंच असेल.

ठकी

२ एप्रिल

ठकीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

त्याच कॉलेजला मी लागोपाठ दोन वर्षं अर्ज केला होता. दोन्ही वेळा नकार आला. घरात कोणाला सांगितलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा दारात मीच होतो. उभ्याउभ्या फोडलं. तुला पहिल्या फटक्यात जागा मिळाली होती. आईचा विचार मनात आला तो नंतर, कारण शोधताना.

‘नाइलाज’मधला इ ऱ्हस्व की दीर्घ ते शब्दकोशात पाहिलं. उत्तर तुझ्या नावानं जाणार होतं, अशुद्ध जायला नको असं वाटलं. ते पेटीत टाकून परत येताना मला हलकं वाटलं होतं. आजवर लाज वाटत आली आहे ती याचीच. ते वाक्य बोलत राहिलो, कारण बोलता बोलता मलाही ते खरं वाटू लागलं.

शेवट पाठवावे असं म्हणत नाही.

दादा

ता. क. ठकी, मी वहिनी. रविवारी यांनी लेकीला हे वाचून दाखवलं. दोनदा थांबले, पण एक अक्षर गाळलं नाही. ती ताटावरून उठली आणि पर्स घेऊन निघून गेली. फोन उचलत नाही.

१४ एप्रिल

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र खरं आहे. दिलेला शब्द पाळते आहे. राखणदाराचा फर्मा सोबत आहे.

मला वाटलं होतं, तुझ्याकडून कबुली मिळाली की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. पत्र वाचलं आणि पुन्हा शिवायला बसले. त्या दिवशी शिवण वाकडी गेली, एवढंच.

तुझी लेक परवा कारखान्यात आली. पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसून राहिली. मग मला म्हणाली की तुझ्याशी बोलायची तिची इच्छा नाही. शहाण्या आत्यानं तिची समजूत घातली असती. बाबा म्हातारे झाले, पाय मोडलाय, असं काहीतरी सांगितलं असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. मी चहा ठेवला.

जाताना तिनं काहीतरी वाचायला मागितलं. तिच्याकडे उरलेले दोन्ही फर्मे दिले. ती तुझ्याकडे येईल तेव्हा घेऊन येईल. केव्हा येणार ते मी विचारलं नाही.

पायाला जप. लोभ मागत नाही.

ठकी