बघूच काय आहे ते

रविवार, १२ मार्च
संध्याकाळचे पाच

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत आहे. तूही असशीलच, रागात तुझी तब्येत नेहमी छान असते.

आता ओरडू नकोस, पण मी पोकर शिकले. रंगाच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथे रविवारी दुपारी आमचं टेबल लागतं. हरलं तर आठवड्याची भाजी जाते, त्यापलीकडे कुणी जात नाही. प्रत्येकाला दोन पत्ते लपवून मिळतात, पाच हळूहळू मधे उघडतात आणि दर वेळी प्लास्टिकच्या चकत्या लावायच्या. ज्याचा हात वाईट त्याने पत्ते टाकावेत, अशी निदान अपेक्षा असते.

पण आमच्यात एक निवृत्त बस ड्रायव्हर आहेत. सगळे त्यांना 'बघूच' म्हणतात. हातात कसलाही कचरा येवो, "बघूच काय आहे ते!" म्हणून चकत्या सरकवतात. पहिल्या दिवशी माझ्या हातात काहीही नव्हतं. मी चेहरा दगडासारखा केला आणि भल्यामोठ्या चकत्या लावल्या. म्हटलं, पळेल म्हातारा. कसला पळतोय! तिर्रीची जोडी घेऊन बसला आणि मला धुऊन काढलं.

पुढच्या रविवारी दोन राजे आले. मी म्हटलं, जास्त लावलं तर सगळे पळतील, म्हणून लाजत लाजत दोनच चकत्या लावल्या. चौघेही राहिले! एवढ्या स्वस्तात कोण उठतंय? शेवटच्या पत्त्याला बघूचच्या सत्ती-दुर्रीच्या दोन जोड्या झाल्या आणि माझे राजे बसले बोंबलत.

शेजारी कुलूपवाले बसतात. ते म्हणाले, "बाई, जो घाबरत नाही त्याला घाबरवायला कशाला जाता? थापा मारू नका. आणि पत्ते खरे असतील तेव्हा भरपूर मागा. ही माणसं देतात हो, तुम्हीच मागत नाही."

आज एक्क्यांची जोडी आली. वीस चकत्या लावल्या. तिघांनी पत्ते टाकले. बघूच म्हणाले, "बघूच!" मी जिंकले आणि अख्ख्या टेबलाला चहा पाजला. बघूचनी दोन कप घेतले, हरल्याचं दुःख म्हणून.

मग जिना उतरले. सोळा पायऱ्यांना मला दहा मिनिटं लागतात, हे मी तुला कळवलेलं नाही. फोनवर "सगळं ठीक" म्हणते ती शुद्ध थाप असते. उजवा खुबा गेलाय, ताई. पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला बदलणार आहेत.

खाली बाकावर बसून विचार केला. चार वर्षांपूर्वी मी तुला म्हणाले, "तू घरातसुद्धा नर्सच असतेस, बहीण कधी होणार?" तेव्हापासून तू माझ्या घरी पाऊल टाकलं नाहीस. आणि मी काय केलं? दर वाढदिवसाला "बोलण्याच्या ओघात निघून गेलं गं" आणि "जमलं तर ये एखाद्या रविवारी". दोन-दोन चकत्या! त्यावर कुणी येतं का?

तर आता नीट मागते. ओघात वगैरे काही नव्हतं. तुला लागावं म्हणूनच मी ते बोलले आणि बोलल्याबोलल्या पस्तावले. माझं चुकलं. मला माफ कर.

आणि ये. एका रविवारी नको, सहा आठवडे ये. दहा तारखेलाच ये. खिडकीजवळची खोली रिकामी केली आहे, माझं शिलाई मशीन बाहेर काढलं. तुझ्या कडक गादीचीही सोय केली. मलमपट्टीला हॉस्पिटलचे लोक आहेत. मला शुद्ध येईल तेव्हा तू शेजारी हवीस, चिडलेली असलीस तरी चालेल.

एवढ्या विनोदांनंतर लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

फार घाबरलेली,
तुझी धाकटी