स्वच्छ माणसाचा नमुना

३ फेब्रुवारी
नवं घर, नवी नोकरी! अन्नातले घातक जंतू शोधणाऱ्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ. पदवी नाही, यंत्राची पुस्तिका पाठ करून आलो आणि मुलाखतीत प्रमुखबाईंचीच एक चूक काढली. काका, तुम्ही आमचा घाम काढणार, म्हणाल्या. हिला स्वयंपाकघर आवडलं. पण ओट्याशी मीच. गेल्या वर्षी आमची लेक चिमी विषमज्वराने गेली, तेव्हापासून ही चुलीसमोर उभी राहत नाही. दुधाने घात केला हे मीच सगळ्यांना पटवून दिलं. ही त्या दूधवाल्याला अजून शिव्या घालते.

१० फेब्रुवारी
काम सुरेख. जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा पकडायचा आणि त्याच्या नकला करत सुटायचं. तुकडा असला की पडद्यावर रेघ वर चढते, नसला की आडवी पडून राहते. अन्नाबरोबर ते शिजवणाऱ्यांच्या शौचाचे नमुनेही येतात. इथली रीत अशी की, हात बसावा म्हणून नव्या माणसाने स्वतःचाच नमुना ‘स्वच्छ’ म्हणून चालवायचा. आधी स्वतःची घाण निस्तरा, मग जगाची, असं शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. मी म्हटलं, माझी रेघ पट्टी लावून तपासा, आडवीच निघेल.

११ फेब्रुवारी
रेघ चढली. विषमज्वराची. नळी खराब असणार, दुसरं काय!

१२ फेब्रुवारी
नव्या नळ्या, नवे हातमोजे. नुसत्या पाण्याची रेघ आडवी. माझी पुन्हा चढली. सहकाऱ्याने आज माझ्या डब्यातलं काही घेतलं नाही. प्रमुखबाई म्हणाल्या, यंत्राला मेलेला जंतूही दिसतो. जिवंत आहे का ते बशीत वाढवून बघू. धडधाकट माणसाच्या पोटातही हा वर्षानुवर्षं राहू शकतो म्हणे. पुस्तिकेत हे नव्हतं. मेलेलाच असेल.

१५ फेब्रुवारी
बशीत उगवला. जिवंत.
ही रांधायची तेव्हाही चिमीचा प्रत्येक घास माझ्या हातचा. दूधवाला तर बिचारा गाव सोडून गेला —

१६ फेब्रुवारी
बाहेरून जेवण आणलं. अहो, कंटाळलात का बायकोला रांधून घालायला, म्हणून ही हसली, पण जेवणाला शिवली नाही. तिला कणकण आहे.

१९ फेब्रुवारी
दवाखाना. तोच ताप. डॉक्टर म्हणतात औषध लागू पडेल, पण पोटात काही तरी जायला हवं. ही बाहेरचं तोंडात घेत नाही. बाहेरच्यानेच पोरगी गेली म्हणते. मीच शिकवलेलं.

२० फेब्रुवारी
घासून घासून हातांची सालं निघाली. सांगायला हवं. सांगितलं तर माझं तोंड बघेल का ही — न सांगावं तर उपाशी —

ही जागी झाली. म्हणते, लिहिणं ठेवा, घरून सूप करून आणा, तुमच्या हातचं असलं तर जाईल घशाखाली. चिमीलाही तुमच्याच हातचं लागायचं, म्हणते.
सांगतो. आत्ता सांगतो. तो दूधवाला नव्हता गं, तो —